व्हॅनिलाच्या वासाआड

प्रिय बिस्किट,

या नावाने हाक मारलेली तुला आता चालते की नाही, कोण जाणे. शाळेत मुली तुझ्या दप्तराला नाक लावून चिडवायच्या आणि तू घरी येऊन माझ्यावर रुसायचीस. बेकरीतला वास माझ्याबरोबर घरी यायचा, त्याला मी तरी काय करणार? दाणे खरवडून घेतले की व्हॅनिलाच्या शेंगांची सालं आमच्याकडे कचऱ्यात जायची. मी ती रुमालात बांधून आणायचो. तुझी आई ती वाळवून साखरेच्या डब्यात, कपड्यांच्या घड्यांत, अगदी चपलांच्या कपाटातसुद्धा ठेवायची. डांबरगोळ्यांना तिने घराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही.

तिचा तो सगळा कारभार मी पुन्हा सुरू केला आहे. फ्रीजमध्ये वाटीत कापूस, त्यावर व्हॅनिलाच्या अर्काचे दोन थेंब. कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी कागद आणि कागदावर एक साल. फरशी पुसायचं ते डोळ्यांतून पाणी काढणारं औषध बंद केलं. आता गरम पाणी, थोडं व्हिनेगर आणि चमचाभर अर्क. सुगंधी फवाऱ्याचे डबेही आणत नाही. माझ्या जागी बेकरीत आलेली बाई अजून माझ्यासाठी सालं बाजूला काढून ठेवते. आठवड्यातून एकदा ती आणायला जातो. ती बिचारी घाईत असते, पुडी हातात देते आणि आत वळते. मी मग येताना लांबच्या रस्त्याने येतो.

तुझी खोली रंगवून घेतली. रंगात चमचाभर अर्क टाकला की उग्र वास कमी जाणवतो, हे रंगाऱ्याला काही केल्या पटेना. शेवटी माझ्या समाधानासाठी त्याने तो ढवळला आणि जाताना म्हणाला, काका, आता भिंत चाटू नका म्हणजे झालं. बऱ्याच दिवसांनी मी मनापासून हसलो. मग दार लावलं आणि हे कुणाला सांगावं, ते सुचेना म्हणून कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिलो. आई असती तर तिने ते आठवडाभर सगळ्यांना सांगितलं असतं.

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई अधूनमधून माझं ब्लडप्रेशर बघायला येतात. मध्यंतरी आल्या तेव्हा मी त्यांना ही सगळी करामत फिरून दाखवली, शेगडीवर मंद आचेवर ठेवलेलं शेंगांचं पाणीसुद्धा. त्यांनी पट्टा गुंडाळला, इकडेतिकडे हुंगलं आणि सरळ म्हणाल्या, “काका, व्हॅनिलाने वास झाकला जातो. धूर जात नाही.” मी चहाचं विचारलं. त्या नको म्हणून निघून गेल्या.

मागच्या वर्षी तुम्ही आलात तो दिवस मला रोज आठवतो. तुझी पिटुकली हात धुवायला न्हाणीघरात गेली आणि खोकतच बाहेर आली. तिचे ओठ निळसर पडले होते. तू तिला उचलून जिना उतरलीस, मी मागून तिचा एक बूट घेऊन धावत होतो. दवाखान्यात नळीतून औषध दिलं तेव्हा कुठे तिची छाती शांत झाली. तेव्हापासून तुम्ही आलेला नाहीत. नेमकं कारण कळेपर्यंत तिला बाहेरगावी नेऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं, तुझं काही चुकलं नाही. रविवारी तुझा फोन येतो. मी जेवलो का, तू विचारतेस. मी हो म्हणतो. बोलायला आणखी बरंच असतं, पण जीभ रेटत नाही.

परवाच्या रविवारीही तसंच झालं. पिटुकलीची मांजर महिनाअखेरीला कुणाला तरी देऊन टाकायची ठरवलंय, असं तू सांगितलंस. त्या दिवशी ती टोपलीतून तुमच्याबरोबर आली होती, आणि दुसरं काही कारण डॉक्टरांना सापडत नाही. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही म्हणालीस. मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. बिस्किट, कारण मी आहे. तुम्ही यायच्या जरा आधी मी न्हाणीघरात सिगारेट ओढली होती. आई गेल्यावर तुला दिलेला शब्द मी सहा महिनेही पाळला नव्हता. तुमची चाहूल लागली तशी मी खिडकी उघडली, बादलीत गरम पाणी घेऊन त्यात व्हॅनिला ओतला आणि दार लोटून तुमच्या स्वागताला आलो. दवाखान्यात तू विचारलंस, “बाबा, घरात धूर होता का?” मी तुझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणालो. नर्सबाई बोलून गेल्या त्या दिवसापासून सिगारेटला हात लावलेला नाही, पण ते सांगायला हे पत्र लिहीत नाही. मला माफ कर किंवा इकडे ये, असंही म्हणत नाही. तेवढा माझा हक्क उरलेला नाही. हे पत्र डॉक्टरांना दाखव. पुढचं ते ठरवतील. तोवर मात्र मांजर कुणाला देऊ नकोस, आणि पिटुकलीला सांग, आजोबा खोटं बोलले होते.

तुझाच,
बाबा