डबा धुऊन परत दिला

९ जून, सोमवार. सकाळी ६.१०
पुनावळ्याच्या फ्लॅटमधली पहिली सकाळ. घामाने पायजमा चिकटला आहे. ही रोजनिशी मराठीत लिहितो आहे, सुरक्षिततेसाठी. विनिपेगच्या शाळेत बावीस वर्षं स्टाफरूमच्या टेबलावर मराठी डायरी उघडी टाकून जायचो. एकालाही एक अक्षर कळलं नाही. सिस्टिम सिद्ध झालेली आहे, बदलायचं कारण नाही.

इथल्या इंटरनॅशनल शाळेने मला कॅनडाचा एक्स्पॅट टीचर म्हणून घेतलं आहे. विषय फिजिक्स. नाव मिस्टर जो. ज्योतीराम हे नाव पासपोर्टात आहे, ते तिथेच राहील. उष्ण कटिबंधीय देशात राहण्याचे नियम विमानातच ठरवले. पाणी उकळलेलंच प्यायचं, बाहेरचं खायचं नाही, बोलायचं फक्त इंग्रजीत, विश्वास कोणावरही नाही.

आणि तळेगावला जायचं नाही. तळेगाव दाभाडे इथून वीसएक किलोमीटर. तिथे माझा थोरला भाऊ दौलतराव राहतो. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आमच्यात अकरा वर्षं बोलणं नाही. आमचे वडील, आबा, गेले तेव्हा मी आलो नाही, कारण मुलांच्या परीक्षा होत्या. दादा फोनवर म्हणाला, घे मग परीक्षा, आणि फोन ठेवला. चूक कोणाची हे उघड आहे. मी आलोय हे त्याला अजिबात कळता कामा नये.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सामान लावलं. दोन स्वेटर निघाले. एक पुरुषाचा, मोठ्या मापाचा. एक बायकी, मरून. सेलमध्ये होते म्हणून घेतले. कोणासाठी असं काही नाही. मेपल बिस्किटांचा पुडा, तोही तसाच.

११ जून, बुधवार
घरमालक सोपानराव दिवसभर गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. शेतं गेली, तीन बिल्डिंगा आल्या, खुर्ची हलली नाही. आज विचारलं, कंच्या गावचं पाव्हणं? मी म्हणालो, कॅनडा. ते म्हणाले, व्हय का, लई लांबनं आला. आणि मिशीत हसले. कॅनडात हसण्यासारखं काय आहे?

वर आल्यावर लक्षात आलं की प्रश्न मराठीत होता. पण तेवढं कोणीही अंदाजाने ओळखेल.

१२ जून, गुरुवार
रस्ता संशयास्पदरीत्या रिकामा. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर रोहिदास म्हणाला, आज कंपन्यांना सुट्टी असते सर. लहानपणी दादाही गुरुवारीच घरी असायचा आणि मला सायकलवर पुढे बसवून फिरवायचा. हा योगायोग.

रोहिदास तळेगावहून येतो, असं कळलं. जपून राहायला हवं. सकाळी त्याने गेटवर सोपानरावांना एक कापडी पिशवी दिली. मग दोघांनी मान वर करून माझ्या बाल्कनीकडे पाहिलं.

१३ जून, शुक्रवार
सोपानरावांच्या पत्नी गोजाबाई तीन पुडांचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, एकला मानूस, बाहेरचं काय खानार. मी तीनदा नो थँक्यू म्हटलं. त्या डबा चपलांच्या रॅकवर ठेवून निघून गेल्या.

तपासणी केली. आधी वास घेतला. मग एक घास खाऊन वीस मिनिटं घड्याळ लावून बसलो. काही झालं नाही. निष्कर्ष पक्का व्हावा म्हणून उरलेलं सगळं खाल्लं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, भेंडी. कशातही कोथिंबीर नाही. मला कोथिंबीर चालत नाही हे शाळेच्या एकाही फॉर्मवर लिहिलेलं नाही. मग यांना कोणी सांगितलं?

डबा साबणाने घासला, वर उकळतं पाणी ओतलं, पुसून कोरडा केला आणि परत दिला. रिकामा, लख्ख. आपल्याकडून काही बाकी ठेवायचं नाही.

शाळेत परदेशी स्टाफला दर शुक्रवारी फॉर्म भरावा लागतो. या आठवड्यात कोणता सांस्कृतिक धक्का बसला? मी लिहिलं, हॉर्न.

१७ जून, मंगळवार
डबा रोज येतो आहे. आज भाकरीचा पापुद्रा अलगद उचलून आत तेल-मीठ चोळलेलं होतं, आणि पापुद्रा परत बसवलेला. ही पद्धत एकाच घरात आहे असा माझा समज होता. मी नऊ वर्षांचा असताना वहिनी लग्न होऊन आली. मी भाकरी खात नाही म्हणून तिने ही युक्ती काढली होती. बहुधा सगळ्या मावळात असेच करत असावेत. गोजाबाईंना विचारता येत नाही, कारण मला मराठी येत नाही.

१९ जून, गुरुवार
उलगडा झाला. गोजाबाई जिन्यात म्हणाल्या, आमच्या अजिंक्यला क्यानडाला जायचंय, तुमी जरा बघा की. अजिंक्य म्हणजे त्यांचा नातू. हेतू सापडला. मला खाऊ घालून मिंधा करायचं आणि मग नातवासाठी शिफारसीचं लेटर मागायचं. एका अर्थी बरं झालं. ज्याच्याकडून लेटर हवं त्याला कोणी विष घालत नाही. आजपासून वीस मिनिटं थांबणं बंद.

२४ जून, मंगळवार
पूनम लादी पुसायला येते. ती लातूरकडची. मी बाथरूममधून बाहेर आलो तर ती मॉपला टेकून टेबलाजवळ उभी, डायरी उघडी. क्षणभर धस्स झालं. मग आठवलं, मराठीत आहे. निर्धास्त होऊन शाळेत गेलो.

दुपारी दोन वाजता, नववी ब, न्यूटनचा तिसरा नियम अर्धा सांगून झाला असताना माझ्या हातातला खडू खाली पडला.

२५ जून, बुधवार
पूनमला इंग्रजीत कडक शब्दांत विचारलं. ती म्हणाली, सर मी काईच वाचलं नाही. मग बादली उचलताना म्हणाली, कोथिंबिरीचं तेवढं कळलं. आणि तुमी तुमच्या भावावर कामून रागवायलाव?

डायरी आता फ्रिजवर ठेवत आहे. पूनम बुटकी आहे.

२७ जून, शुक्रवार
हेलन ही वेल्सची, इंग्रजी शिकवते. तिला इथे येऊन दोन वर्षं झाली. स्कूटर चालवते, गेटवरचा वडापाव खाते, वर रोहिदासला काय भावा म्हणते. सुरक्षिततेचं भान शून्य. आज माझा धुतलेला डबा पिशवीत पाहून तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, जो, तू नवीन आहेस म्हणून सांगते, इथे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काहीतरी घालायचं. काही नसेल तर चिमूटभर साखर. रिकामं दिलं तर लोकांना वाटतं, याला संबंध नको आहेत.

मला म्हणावं लागलं, रिअली? हाऊ इंटरेस्टिंग.

हे मला माहीत नाही का? शेजारची वाटी परत द्यायची असली की वहिनी माझ्याच हाताने साखर घालायला लावायची. अर्धी मी जिन्यात खायचो. पण मुद्दा असा की साखर घातली तर मला हे माहीत आहे हे उघड होईल. तेव्हा डबा रिकामाच जाईल. धोरण म्हणजे धोरण.

फॉर्मवर लिहिलं, डास.

१ जुलै, मंगळवार
बुटांना बुरशी आली. जिन्यात पाल अंगावर पडली, मी ओरडलो, अगं आई गं. सोपानराव खालून म्हणाले, काय झालं पाव्हणं? मी म्हणालो, नथिंग. कळवळून आई म्हणणं ही आंतरराष्ट्रीय प्रतिक्रिया आहे.

डबा धुऊन परत दिला. रिकामा.

३ जुलै, गुरुवार
आज डबा आला नाही.

४ जुलै, शुक्रवार
आजही नाही. रोहिदास आला, गेटवर पिशवी दिली नाही. बाल्कनीकडे पाहिलं नाही. गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही. काहीतरी शिजतं आहे. म्हणजे माझ्यासाठी सोडून.

फॉर्म कोरा दिला.

७ जुलै, सोमवार
पाचवा दिवस नूडल्स. ही डबा बंद करून लेटर मिळवायची खेळी असणार. आपण बधायचं नाही.

संध्याकाळी ५.३०
बधलो. खाली गेलो आणि गोजाबाईंना सरळ मराठीत विचारलं, डबा का बंद झाला? मी मराठी बोलल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. तांदूळ निवडत म्हणाल्या, त्यो डबा आमचा न्हवताच. तळेगावनं यायचा. रुक्मिणीनं धाडलेला.

रुक्मिणी म्हणजे माझी वहिनी. गोजाबाई तिची मामेबहीण. एअरपोर्टवरून कोणाला आणायचं त्या शाळेच्या यादीत रोहिदासने माझं नाव वाचलं आणि त्याच दिवशी घरी जाऊन सांगितलं, तो दादाच्या आळीतलाच. मग दादाने सोपानरावांना फोन करून हा फ्लॅट शाळेला द्यायला लावला. म्हणजे मी विमानात नियम ठरवत होतो तेव्हा इकडे माझ्या गादीला ऊन दाखवणं चाललं होतं.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? गोजाबाई म्हणाल्या, दौलतराव म्हनले, त्याला लपायचंय तर लपू द्या, पोटाला तेवढं घाला. पन तुमी रोज डबा रिकामा धाडलात. इसाव्या डब्याला ते म्हनले, मिळालं त्याचं उत्तर, आता नगं धाडू. रुक्मिणी दोन दिस जेवली न्हाई.

अजिंक्यचं काय, असंही विचारलं. म्हणाल्या, त्याला आळंदी रोडला नोकरी लागली कवाच.

८ जुलै, मंगळवार
शांतपणे विचार केला. गैरसमज त्यांचा झाला आहे. मी डबा स्वच्छतेच्या दृष्टीने रिकामा देत होतो, हे कोणालाही समजायला हवं होतं. तरी मोठेपणा मी दाखवणार. गुरुवारी तळेगावला जाऊन दादाला माफ करणार. गुरुवारी तो घरी असतो. (दादा रिटायर होऊन सात वर्षं झाली, असं रोहिदास म्हणाला. तरी गुरुवारच बरा.) चार मिनिटांचं भाषण तयार केलं, मुद्दे पाच.

९ जुलै, बुधवार
भाषण दोन मिनिटांवर आणलं. माफीचा मुद्दा गाळला. शेवटचा डबा अजून माझ्याकडेच होता, तो भरला. खालच्या पुडात साखर, घरातली होती तेवढी. मधल्यात बिस्किटं. वरच्यात काय घालावं कळेना. पूनम म्हणाली, राहू द्या सर, त्यात ते भरून देतील. ती पुन्हा डायरी वाचत असावी. स्टूल हललेलं आहे.

११ जुलै, शुक्रवार
काल गेलो. जे झालं ते लिहितो.

दारात दादा उभा होता. केस पांढरे झालेत, वाकला आहे. या, म्हणाला. मला, या. खुर्चीवर धुतलेला टॉवेल अंथरला होता. वहिनीने पाण्याची सीलबंद बाटली आणून ठेवली, झाकण माझ्यासमोर फोडलं. पोह्यांबरोबर चमचा दिला, तो गरम पाण्यातून काढलेला होता, वाफ येत होती. म्हणजे रोहिदासने सगळं सांगितलं होतं. तिने डबा उघडला, साखर पाहिली, आणि आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, ती चहा घेऊन.

कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या धोंडीबांनी विचारलं, कोण आलंय? दादा म्हणाला, पाव्हणे आलेत, क्यानडाचे.

महिनाभर मी हेच ऐकायला धडपडत होतो. ज्या ओट्यावर गुडघे फोडून घेतले तिथे बसून ते ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं. भाषण आठवेना. एवढंच बोललो की आबांच्या वेळी मी यायला हवं होतं, परीक्षा कोणीही घेतल्या असत्या. दादाने उठून पंखा वाढवला. मग म्हणाला, चहा घ्या, गार होतोय.

मला काय करावं कळेना, म्हणून वहिनीला म्हटलं, बाटली नको, माठातलं पाणी दे. ती म्हणाली, नको, बाधेल तुम्हाला. मी म्हटलं, मला? मी या माठाच्या पाण्यावर वाढलो. दोन तांबे प्यालो, उभ्याने. आपण इथलेच आहोत हे एकदा सिद्ध करायला हवं होतं.

स्वेटर दादाच्या हातात दिले. इथे कुठे एवढी थंडी, म्हणाला. पण परत दिले नाहीत.

१२ जुलै, शनिवार. सकाळी ९.३०
पहाटेपासून सहा वेळा जाऊन आलो. माठाचं पाणी असेल असं नाही. पोहेही असू शकतात. हवामान आहे.

सोपानरावांनी तळेगावला कळवलं असणार, कारण रोहिदास सुट्टी असून आला. डब्यात मऊ भात, ताक, आणि कागदाच्या पुडीत ओवा. मागोमाग वहिनीचा फोन. म्हणाली, बाधेल म्हणत होते ना, गाढवा, दोन तांबे प्यायची काय गरज होती? मागून दादाचा आवाज आला, त्याला म्हणावं ओवा चावून खा, नुसता गिळू नको, लहानपणापासून गिळतो.

भात खाल्ला. पाहुण्याला कोणी गाढव म्हणत नाही.

डबा धुतला. घरात साखर नाही, सगळी परवा तळेगावला गेली. पोट थांबलं की दुकानात जाऊन येईन.