लाँड्रीच्या वरचा क्लास

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. एका नव्या इमारतीच्या जिन्याला काचा बसवायचं काम होतं. शिवाय घरात जे चाललं होतं ते कसं लिहावं, हेच कळत नव्हतं.

गुंडी पत्राखाली दोन ओळी का लिहीत नाही, असं तू विचारलंस. मागच्या महिन्यात शाळेत पकडापकडी खेळताना तिनं तिच्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला मागून शिवलं. नुसतं शिवलं. पण जन्मली तेव्हा गुंडीएवढी असलेली ही पोर आता वर्गात सगळ्यांपेक्षा वीतभर उंच आहे आणि हाडापेरानं दणकट. ती मैत्रीण पायरीवरून कोसळली आणि तिच्या मनगटाचं हाड मोडलं. आता प्लास्टर निघालंय, हातही बरा झालाय. पण तिच्या आईनं बाक बदलून घेतला. तेव्हापासून आमची गुंडी मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभी असते. घरातही दार लावायचं तर दोन बोटांनी. परवा हिनं घट्ट बसलेला डबा उघडायला दिला, तर तो तसाच ओट्यावर ठेवून आत निघून गेली. नऊ वर्षांची आहे, ताई.

हिचं म्हणणं, तिला कराटे किंवा जूडोच्या क्लासला घालू या, स्वतःच्या ताकदीची ओळख तरी होईल. मलाही पटलं. काचेला घाबरणाऱ्या कारागिराच्याच हातून काच फुटते, हे मी रोज बघतो. मुख्याध्यापिकांना मात्र हे ऐकून धक्काच बसला. आधीच दांडगी, तिला आणखी मारामारी शिकवणार का, असं त्यांनी विचारलं. पुन्हा काही झालं तर वेगळा विचार करावा लागेल, असंही सुनावलं.

दोन क्लास बघून झाले. पहिल्या ठिकाणी भिंतभर आरसे (वाईट बसवलेले) आणि कपाटभर चषक. तिथले सर अर्धा तास पदकांबद्दल बोलले, पण पोरीचं नाव काही विचारलं नाही. दुसऱ्या ठिकाणचे सर तिला बघून खूशच झाले. अशी मुलगी दहा वर्षांत मिळाली नाही, ही सगळ्यांना लोळवेल, असं म्हणाले. गुंडी माझ्यामागे लपायला गेली, पण आता ती माझ्यामागे मावत नाही.

तुझा सल्ला हवा आहे. तब्येत सांभाळ, आणि माझ्यावरची माया आहे तेवढी तरी ठेव.

तुझा
धाकटा

---

ता. १७ जानेवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा चष्मा लावून. दुसऱ्यांदा जास्त वाईट वाटलं.

माझं मत विचारतोस तर सांगते, मला हा बेत आवडलेला नाही. तीस वर्षं प्रसूतिगृहात काढली. माणसाला आपटायचं शास्त्र शिकून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. पोहायला घाल, पाण्याला कुणाचा मार लागत नाही. पण तुम्ही दोघं ऐकणार नाही, हेही मला ठाऊक आहे. लहानपणी तुला गच्चीवर जाऊ नकोस म्हटलं की तू कुठे सापडायचास, ते अजून विसरले नाही. म्हणून एवढंच सांगते, क्लासमधली सगळ्यात तरबेज पोरं बघू नकोस. सगळ्यात कच्चं पोर कोणतं ते शोध आणि मास्तर त्याच्याशी कसे वागतात ते बघ. नव्या नर्सची पारख मी अशीच करायचे.

आणखी एक. तुझ्या पत्रात सगळ्यांचं बोलणं आलंय, मुख्याध्यापिकांचं, तुझ्या बायकोचं, दोन्ही सरांचं. तुझं तेवढं राहिलंय. त्या दिवशी तू गुंडीला काय बोललास?

बाकी माझं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यापेक्षा कमीच बोलतो. सुनेला आणि गुंडीला पोटभर आशीर्वाद.

तुझी
ताई

---

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

क्लास सापडला! तू म्हणालीस तसंच कच्चं पोर शोधत गेलो आणि सापडला.

आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून एक लाँड्री आहे. तिच्यावरच्या मजल्यावर जूडो शिकवतात. खालच्या यंत्रांमुळे जमीन सतत हलकी थरथरत असते आणि खोलीभर साबणाचा वास. शिकवणाऱ्या बाई म्हणजे लाँड्रीच्या मालकीणच. साठीच्या, गुंडीहून चार बोटं बुटक्या, एका गुडघ्याला पट्टा. दिवसभर चादरी धुतात आणि संध्याकाळी सहाला वर येतात. तिथल्या पोरांचे पोशाख इतके शुभ्र का, ते वेगळं सांगायला नको.

एक किडकिडीत मुलगा होता, त्याला साधी कोलांटी जमेना. बाईंनी त्याला एकदाही घाई केली नाही. स्वतः त्याच्या शेजारी कोलांटी मारली, मग पुन्हा मारली. साठीची बाई, ताई! मी मोजत होतो, सोळा वेळा. सतराव्यांदा त्याला जमली, तेव्हा टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसती मान डोलावली आणि तो पोरगा असा फुलला की काय सांगू.

मी बाईंना सगळं सांगितलं, मनगटासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि गुंडीलाच विचारलं, तुला काय करायचंय. गुंडी म्हणाली, मला कुणाला हात लावायचा नाही. मला वाटलं, संपलं. तर बाई म्हणाल्या, नको लावूस, आमच्याकडे पहिले दोन महिने नुसतं पडायलाच शिकवतात, त्याला दुसरं माणूस लागत नाही.

आता ती आठवड्यातून तीनदा जाते आणि पडते. मागे, बाजूला, पुढे. पडताना तळहात गादीवर सपाट आपटायचा, म्हणजे मार बसत नाही. पहिल्या दिवशी तिचा हात गादीला जेमतेम लागत होता. काल आपटला त्याचा आवाज मला खाली जिन्यात ऐकू आला. तिथेच पायरीवर बसलो थोडा वेळ.

तू विचारलंस त्याचं उत्तर देतो. इतके दिवस टाळलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, त्या मुलीच्या घरच्यांदेखत, मी गुंडीवर ओरडलो, "हात आहेत की हातोडे?" तिनं नुसते हात मागे घेतले. ताई, तिला मैत्रिणीच्या मनगटानं घाबरवलं नाही, मी घाबरवलं.

मला काय म्हणायचं ते म्हण, पण पत्र पाठव.

तुझा
धाकटा

---

ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझ्या लाँड्रीवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. पोहण्याचं मी मागे घेते. सोळा कोलांट्या मारणाऱ्या बाईपुढे माझं काही चालायचं नाही.

बाकी, हे मला लिहून काय उपयोग? मी तुझी बहीण आहे, गुंडी नव्हे. जे मला लिहिलंस तेच तिला सांग. समोर बसून सांग, आणि सांगताना "पण" म्हणू नकोस.

वाट बघते आहे.

ताई

---

ता. २० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे वरचं कसं लिहायचं ते बाबांनी सांगितलं. बाकीचं माझं मी लिहिते आहे आणि बाबांना वाचू देणार नाही.

बाबा मला दुकानात घेऊन गेले आणि म्हणाले की मी त्या दिवशी चुकीचं बोललो, तुझे हात चांगले आहेत. मग ते रडले. मी कुणालाच सांगितलं नाही, फक्त तुला सांगते आहे. मी म्हटलं, असू दे. मग त्यांनी मला काच कापायला दिली. हिऱ्याच्या पेननं एकच रेघ मारायची, फार दाबायचं नाही आणि फार हळूही नाही. माझी सरळ तुटली.

आता मी पडायला शिकले, म्हणून बाईंनी पाडायला शिकवलं. पहिल्यांदा त्यांनाच पाडायला सांगितलं. मी नाही म्हटलं. तर बाई म्हणाल्या की पाडायचं असतं, पण सोडायचं नसतं. म्हणजे समोरच्याची बाही शेवटपर्यंत घट्ट धरायची आणि तो खाली जाताना वर ओढून घ्यायचं, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही. त्याला जोर लागतो. ज्यांना कमी जोर असतो त्यांच्या हातून बाही सुटते. माझ्या हातून सुटत नाही. बाई पडल्या आणि पडल्या पडल्याच म्हणाल्या, "छान धरलंस."

सोमवारी एक नवीन मुलगी आली. सहा वर्षांची आहे आणि खूप बारीक. दारातच रडत होती. पडायला ती नंतर शिकणार, पण आधी तिची भीती जावी म्हणून बाही धरून हळूच पाडून दाखवायला जोडी हवी होती. मोठी मुलं तिथेच होती, किडकिडीत दादापण होता, त्याला आता सगळं येतं. पण बाईंनी मला बोलावलं. मी हळूच त्यांच्या कानात विचारलं की मीच का, माझ्या हातून काय झालं होतं ते तुम्हाला माहीत आहे ना. बाई म्हणाल्या,

"म्हणूनच. लागतं म्हणजे काय, ते या खोलीत तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही."

मग मी तिची बाही धरली. ती पडली, वर बघितलं, आणि परत कर म्हणाली. मी तिला अकरा वेळा पाडलं.

आई म्हणते तू मे महिन्यात येणार आहेस. ये. तुला पाडणार नाही, तुझा गुडघा दुखतो ना. तू बाकावर बसून बघ.

माझ्यावर खूप प्रेम कर, मी तुझ्यावर करतेच.

तुझी
गुंडी