मागच्या खोलीची बेल

तीर्थस्वरूप जाऊबाईंना धाकटीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही दोघं इकडे ठीक आहोत, तुमच्या गुडघ्याचं काय ते आधी कळवा. लेकाकडे जिने चढावे लागत नाहीत, तेव्हा गुडघा बराच असणार, असं हे म्हणतात. (यांना सगळ्यांचेच गुडघे बरे वाटतात, कारण गच्चीवर कपडे वाळत घालायला यांना कधी जावं लागत नाही.) तुमच्या मागच्या खोलीच्या खिडक्या मी न चुकता उघडते. ‘हवेशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही’ ही तुमची ताकीद माझ्या पक्की ध्यानात आहे. त्या विषयाकडे मी येणारच आहे, पण आधी दुलईचं सांगते.

तुम्ही दिलेली निळी दुलई यांनी दान केली. बाजारामागे बेघर माणसांसाठी काम करणारी एक संस्था आहे. तिथले लोक पांघरुणं गोळा करायला आले, मी होते न्हाणीघरात, आणि यांनी कपाटातलं सगळ्यात वरचं गाठोडं उचलून त्यांच्या हवाली केलं. दानधर्मात यांचा हात कुणी धरणार नाही, फक्त वस्तू दुसऱ्याची पाहिजे. मी तशीच तरातरा संस्थेत गेले. आत चहा चालला होता, अंघोळीच्या रांगेत माणसं खांद्यावर टॉवेल टाकून उभी होती. तिथल्या मुख्य बाई अंगाने काडी, पण त्यांनी नुसतं पाहिलं तरी रांग सरळ होते. त्यांनी मला बघितलं आणि, आलात का, बरं झालं, पिशव्यांच्या खिडकीवर बसा, असं सांगून किल्ल्या हातात दिल्या. मी कोण, कशाला आले, काही विचारलं नाही. मी सांगणार होते हो, पण समोरच्या बाकावर एक बाई चहा पीत बसली होती आणि तिच्या खांद्यावर आपली दुलई होती. मग काय बोलणार? मी मुकाट्याने पिशव्यांपाशी जाऊन बसले, ती आजतागायत बसतेच आहे.

तुम्ही विचाराल, पिशव्यांत एवढं काय सांभाळायचं. अहो, घर नसलेल्या माणसाचं सगळं घर पिशवीतच असतं. ती पाठीवर घेऊन काम मागायला गेलं तर दारातूनच वाटेला लावतात, आणि कुठे ठेवून गेलं तर परत मिळत नाही. म्हणून संस्था ती दिवसभर ठेवून घेते आणि बिल्ला देते. अंघोळ झाली, अंगावर धुतलेले कपडे आले, पिशवीची काळजी मिटली, की माणूस कामाला मोकळा. दुलईवाली बाई अशीच शिवणकामाला लागली. (हात काय आहे तिचा! माझ्या त्या पोलक्याची बाही, जी तुमच्या शिंप्याने बिघडवली होती, तिने बसल्या बसल्या सरळ केली.) अडलं ते खोलीपाशी. मुख्य बाई तिला घेऊन दारोदार फिरल्या, पहिले काही महिने संस्था जामीन राहील म्हणाल्या. पण मालक विचारतात, आधी कुठे राहत होतीस? आणि खरं सांगितलं की खोली नेमकी सकाळीच भाड्याने गेलेली असते.

आता माझा पराक्रम ऐका. तिच्या पिशवीची चेन तुटली होती. मला तुटकं बघवत नाही हे तुम्ही जाणताच. मी पिशवी रिकामी केली, चेन शिवली, कपड्यांच्या घड्या घातल्या आणि तळाशी एक धुळकट, वायरी लोंबणारा डबा होता तो भंगारवाल्याला देऊन टाकला. संध्याकाळी ती आली, पिशवी बाहेरूनच चाचपली आणि खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दाराची बेल होती, जाऊबाई. पूर्वीच्या नोकरीच्या पहिल्या पगारातून तिने ती घेतली होती, आणि खोली सोडावी लागली तेव्हा काढून आणली होती. मला एवढंच म्हणाली, “दार घरमालकाचं होतं. बेल माझी होती.”

मी यांना स्कूटर काढायला लावली. भंगारवाला गल्ल्या पालथ्या घालून सापडला, पण पोतं उघडायला तयार होईना, घ्यायचं तर अख्खं घ्या म्हणाला. घेतलं. (अंगणात जी पत्र्यांची रास आहे ती तीच, लेकाच्या फोनवर फोटो बघून घाबरू नका.) हे कोपरापर्यंत आत हात घालून शोधत होते, आणि सगळं आयुष्य विजेच्या दुकानात काढलेल्या माणसाला बेल ओळखता आली, एवढा एक फायदा झाला. तिने ती ओढणीने पुसली, बटण दाबून बघितलं. वाजली नाही. “दार मिळालं की वाजेल,” ती म्हणाली, आणि मला रडूच आलं. रडता रडता माझ्या तोंडून निघून गेलं की दार आहे.

बाकी सर्व क्षेम. लेकाला व सूनबाईला आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमची,
धाकटी

ता. क. तुमच्या मागच्या खोलीत ओल येते का हे पाहायला हवं होतं, आणि कुणी राहिल्याशिवाय ओल कळत नाही, असं यांचं मत पडलं. तेव्हा तुमची परवानगी हवी होती. भाडं वेळेवर येईल, संस्था जामीन आहे, मी तर शेजारीच आहे. शिवाय निळी दुलईही तुमच्याच घरात परत येईल.

आणखी ता. क. यांनी वायर तपासायची म्हणून बेल तुमच्या दाराला लावून टाकली आहे. परवानगी ‘हवी होती’ असं वर लिहिलंय ते त्यामुळेच. नाही म्हणायचं असेल तर तुम्ही स्वतः येऊन सांगा, माझ्याच्याने होणार नाही.

शेवटचं ता. क. काल संध्याकाळी मीच पहिल्यांदा बेल दाबली. चांगली खणखणीत वाजली. दार लगेच उघडलं नाही. आधी आतून तिचा आवाज आला, “कोण आहे?” तुम्ही आलात की तुम्हीही बेलच दाबा, जाऊबाई. किल्ली तुमच्याकडे आहे, तरीसुद्धा.