टोपली ओढण्याचा व्यायाम

२ नोव्हेंबर. आमचं गुजराती नवं वर्ष.
केतन पाया पडला आणि उठता उठता धमकी देऊन गेला. म्हणे, "बापुजी, जिन्यात दर वळणावर बसता. एक दिवस कोसळाल. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तळापासून गच्चीपर्यंत न थांबता चढून दाखवा, नाहीतर सामान खालच्या खोलीत." खालची म्हणजे स्कूटरशेजारची अंधारी. वरच्या खिडकीतून माझी शाळा दिसते. झोपाळ्यावर बायकोची, कांचनची जागा ती गेल्यावरही मी मोकळी ठेवतो. पोटचा मुलगा, आणि हे बोलणं!
सून हेतल म्हणाली, "मोठं काही नको. रोज थोडं थोडं. दूध तुम्ही आणा, चहात अर्धा चमचा साखर कमी." थोडं थोडं! सहावीत डोंगर चढण्याची कविता अख्ख्या वर्गात माझ्याइतक्या खड्या आवाजात कोणी म्हणत नसे. मला चढणं शिकवतात.

९ नोव्हेंबर, सकाळ.
दुधाला निघालो. समोरच्या ओट्यावर जशुभाई. माझ्याच वर्गातला. अंगात मांस नाही, डोक्यात काव्य नाही. सहावीत ओळ विसरून भोकाड पसरलं होतं त्यानं. म्हणाला, "काय पंडित, आज सूर्य चुकला वाटतं?" तसाच परत फिरलो. अशा माणसांनी रक्तदाब वाढतो. तब्येतीला वाईट.
नवी योजना: खिडकीतून दोरीने टोपली सोडायची, दूध वर ओढायचं. दंडाला व्यायाम.

२१ नोव्हेंबर.
टोपली उत्तम चालली आहे. झोपाळ्याला पायाने रेटा: पिंढऱ्या. मोठ्याने कविता: फुप्फुसं. आता खाली उतरायचं कारणच उरलं नाही. खालून नटू गाठियावाला म्हणाला, "काका, नुसत्या दुधाचं वजन ते काय!" रास्त मुद्दा. पाव किलो गाठिया, तळलेल्या मिरच्या, सोबत कच्च्या पपईचा परतलेला कीस, संभारा. ओढताना घाम आला.

५ डिसेंबर.
साखर अर्धा चमचा कमी केली. चहा पांचट लागतो म्हणून दोन कप. हेतलने विचारलं, हे गणित कोणत्या शाळेत शिकवलं? उद्धट बाई. हिच्या पिढीला पाठांतर नाही, म्हणून असं होतं.

२८ डिसेंबर, दुपार.
जशुभाई मुद्दाम माझ्या खिडकीखालून भरलेली बादली नेतो. आज ओरडला, "पंडित, टोपलीत बस, तुलाही उतरवून घेतो!" गल्ली हसली. अख्ख्या अहमदाबादेत हाच मेला समोर राहायला यावा! झोपाळ्याला जोरात रेटा दिला. कडी करकरली.

१३ जानेवारी.
तयारी पूर्ण. दम लागलाच तर उभं राहून कविता म्हणायची. काव्यवाचनाला थांबणं म्हणत नाहीत. केतनला हे समजावलं. तो म्हणाला, "आधी चढा तर खरं."

१४ जानेवारी. उत्तरायण. दुपार.
चढायला आधी उतरावं लागतं, हे घरात कोणी ध्यानात घेतलं नव्हतं. उतरतानाच गुडघे बंड करून उठले. मग चढलो. चौथ्या पायरीवर टेकलो. कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्याची ओळ आठवेना.
वर भोंगे, पतंग कापल्याच्या आरोळ्या. तेवढ्यात फिरकी घेऊन जशुभाई आमच्याच गच्चीवर निघालेला. आता हा टोमणा मारणार, म्हणून मी तोंडात शिवी तयार ठेवली. त्याने ती ओळ सांगितली. अगदी बरोबर. मग दोन दोन पायऱ्या टाकत वर गेला.

त्याच दिवशी, संध्याकाळ. खालची खोली.
इथे स्कूटरच्या तेलाचा वास येतो. वर झोपाळ्याच्या कड्या वाजतात. कोणीतरी बसलं आहे. माझ्या बाजूला की कांचनच्या, इथून कळत नाही.
दाराबाहेर टोपली उतरली. उंधियू आणि जिलेबी. माझ्या खिडकीत जशुभाईचं डोकं. "पंडित, रिकामी ओढू का?"
मेल्याची मस्ती बघा.
जिलेबीची रिकामी वाटी टोपलीत ठेवली. त्याने एका हाताने ओढली. जिलेबी अजून मागितली आहे.