अठ्ठावन्न पॉइंट दोन

९ एप्रिल २०२०

घरून काम करायची परवानगी मिळाली. आणि त्या परवानगीवर, सहीऐवजी, स्वतःच्या नावाचा शिक्का मारायला टोकियोतल्या ऑफिसात जावं लागलं! दीड तास जाऊन, दीड तास येऊन, एक लाल ठिपका. होन्जोसाहेब मास्कच्या आडून म्हणाले, "नियम आहे, चिझु. संसर्ग टाळायचा तर कागद पूर्ण हवेत." विषाणू कागद तपासूनच आत येत असणार.

तर असा आमचा हार्ट फेल्युअर संघ. देशभरातले हृदयाचे डॉक्टर, नर्सेस. आणि मी, कंत्राटावर, त्यांचा वार्षिक प्रगती अहवाल लिहायला. उरलेल्या वेळात मी कादंबरी लिहिते, जिच्यात एकही क्रियापद नाही. इथे मात्र 'दमदार वाटचाल'. थू!

२१ एप्रिल

पहिलं प्रकरण: वजनाची वही. संघाचा मानाचा तुरा. पेशंटने रोज सकाळी नाश्त्याआधी काट्यावर उभं राहायचं, आकडा रकान्यात लिहायचा. आठवड्यात दोन किलो वाढलं म्हणजे अंगात पाणी साठतंय — लगेच दवाखाना. बस्स, एवढंच. यावर बेचाळीस पानी मार्गदर्शिका, अकरा प्रोफेसरांच्या सह्या!

ती वही बाबांकडेही आहे, तिकडे हामादाला, समुद्रकाठच्या आमच्या गावी. गेल्या नोव्हेंबरात भरती झाले होते, तेव्हा मीच नेऊन दिली. रोज सातला पानाचा फोटो पाठवतात. आज ५८.२. खाली लिहिलेलं — 'समुद्र शांत. जेवलीस का?' मी नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवते.

१३ जुलै

ऑनलाइन बैठक. आनंदीआनंद! घरी सोडलेले पेशंट पुन्हा भरती होण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. अध्यक्ष उत्सुगीसर फुलून गेले होते. "महामारीच्या वर्षात, मंडळी! ही वहीची शिस्त!"

एकट्या हागाबाई बोलल्या. कोबेच्या, वीस वर्षं हेच वॉर्ड सांभाळणाऱ्या नर्स. "सर, पेशंट बरे झालेत की भीतीने येत नाहीयेत?"

कुणीतरी चहाचा घोट घेतला, तो देशभर ऐकू आला.

"छान प्रश्न आहे, हागाबाई. पुढच्या वर्षी घेऊ या," उत्सुगीसर म्हणाले.

मी मिनिट्समध्ये लिहिलं — चर्चा झाली.

१४ ऑगस्ट

ओबोन. पितरांना जेवू घालायला सगळ्यांनी घरी जायचे दिवस. बाबा फोनवर: "येऊ नकोस. टोकियोचं कुणी आलं की गल्लीत कुजबुज होते. तुझ्या आईला मी वाढतो भात." धाप लागल्यासारखं बोलत होते. म्हणाले, जिना चढून आलो. मला तरी कुठे जायचं होतं? सहा तास मास्क लावून!

४ ऑक्टोबर

वार्षिक संमेलन, पडद्यावर. तीनशेबारा चौकोन. सातव्या पानावरचं माझं वाक्य उत्सुगीसरांनी वाचून दाखवलं — 'यंदा आमचे पेशंट आपापल्या घरी सुखरूप राहिले.' टाळ्यांची चित्रं उडाली. "कोणी लिहिलंय? वा! भाषेला हृदय आहे!" विनोद. सगळे हसले. मला आवडलं, हे फक्त इथेच लिहिते.

शेवटी निरोपाचं वाकणं. मोठ्यांच्या आधी पडद्यावरून जायचं नाही, आणि सगळेच कुणाच्या ना कुणाच्या हाताखालचे. सात मिनिटं तीनशेबारा डोकी वाकतायत, वर येतायत, वाकतायत! काही जणांचा नुसता टकलाचा गोल दिसत होता. हे लोक हृदयं सांभाळणार.

५ ऑक्टोबर

हागाबाईंचा फोन आला. त्यांनी स्वतःच्या वॉर्डातल्या पेशंटच्या वह्या मागवून घेतल्या होत्या. "तिघांचा आकडा महिनोन्‌महिने तोच, चिझु. माणसाचं वजन एवढं शहाण्यासारखं वागत नाही. मोजतच नव्हते ते. वाढलेलं लिहिलं असतं तर आपण बोलावलं असतं ना!"

फोन ठेवला. बाबांचे फोटो उघडले. ५८.२. ५८.२. ५८.२. मागे मागे गेले. एप्रिलपर्यंत तेच.

मी अंगठे पाठवत होते.

"काटा एप्रिलातच बंद पडला गं," बाबा फोनवर म्हणाले.

"मग सांगायचं नाही? नवा आणायचा नाही?"

"वजनकाट्यासाठी बाहेर पडायचं? लोक काय म्हणतील! आणि रकाना रिकामा कसा ठेवू? तुझ्या ऑफिसची वही."

"पाय सुजलेत?"

"मोजे रुततात जरा."

"झोप?"

"खुर्चीत बसून छान लागते."

बेचाळीस पानं मीच टाईप केलीत. खुर्चीत झोपणं, म्हणजे पाणी फुप्फुसात, आडवं होता येत नाही — पान एकोणीस. मी ओरडले. ॲम्ब्युलन्स बोलावते म्हटलं. "गल्लीत भोंगा वाजवत आणलीस तर दार उघडणार नाही! कोरोनाचं घर म्हणतील. डॉक्टर बिचारे दमलेत, टीव्हीवर दाखवतात रोज. बुधवारी आपल्या डॉक्टरांचा वार असतो, तेव्हा जातो. देवाशप्पथ." शेवटी मी हो म्हटलं. दोन दिवसांचा तर प्रश्न.

उत्सुगीसरांना कळवलं — सातवं पान खोटं आहे, काढा. तासाभरात उत्तर आलं: 'भावना समजल्या. छापायला गेलंय.'

६ ऑक्टोबर

दोनदा फोन केला. "उद्या जातोय म्हटलं ना, किती डोकं खातेस!" उद्याचं सकाळचं तिकीट काढलंय. कुजबुजू दे गल्लीला.

८ ऑक्टोबर

काल गाडीत असतानाच शेजारच्या किताओका काकूंचा फोन आला. बाबा गेले. खुर्चीतच. दवाखान्यासाठी कोट घालून बसले होते.

होन्जोसाहेबांना रजेसाठी फोन केला. विचारलं, घरी वारलेला पेशंट 'पुन्हा भरती'त मोजतात का? नाही म्हणाले, फार हळू आवाजात.

म्हणजे बाबा आमच्या प्रगतीतच आहेत.