पत्र्याआडचा पाइप

अण्णा, कात्रपच्या घरात ओट्याशी बसून लिहितेय. डाळ गॅसवर आहे, आणि तुम्ही मागून ओरडाल असं अजूनही वाटतं, "झाकण काढून बघ की! अंदाज कसले बांधतेस?" केवढा राग यायचा मला तुमचा. दिवसभर कारखान्यात पाइप जोडायचे आणि घरी येऊन माझी पातेली तपासायची!

माझं आताचं काम ऐकून "काहीतरीच!" म्हणाला असतात. पाइपची जाडी मी त्याला न टेकता मोजते. तारेची कॉइल पाइपच्या अगदी जवळ धरायची आणि क्षणभर करंटचा झटका द्यायचा. चुंबकीय क्षेत्र एकदम उसळतं, त्याने धातूच्या वरच्या थरात करंट फिरतो, आणि ते क्षेत्र त्या करंटला ढकलतं. म्हणजे धातूलाच धक्का बसतो. तो धक्का लाट होऊन आत जातो, पलीकडच्या बाजूवर आपटून परत येतो. यायला किती वेळ लागला, त्यावरून जाडी. हसू नका, खरंच कळते.

गेल्या आठवड्यात अंबरनाथला एका केमिकल कंपनीत गेले होते. गरम कॉस्टिकचा, म्हणजे अंगावर उडालं तर कातडी जाळणाऱ्या सोड्याच्या पाण्याचा पाइप, त्याच्याखाली सावलीला कामगार डबे खात बसलेले. पाइपवर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळलेला. "दसऱ्याच्या पूजेला मालक येतात ना, जुना पाइप बरा दिसत नव्हता," मॅनेजर म्हणाले. "पण मॅडम, खोलायचा कशाला? तुमचं मशीन तर न टेकता बघतं!" अहो, बघतं, पण पत्राही धातूच ना! झटका तोच खातो, थरथरतोही तोच. पाइपपर्यंत काही पोचत नाही. म्हटलं, पत्रा काढा, नाहीतर सही मिळणार नाही. त्यांनी माझ्या साहेबांना फोन लावला. साहेब मलाच म्हणतात, "ॲडजस्ट कर ना जरा." नाही केलं. नोकरी जाईल असं वाटत होतं, तरी तिथेच उभी राहिले.

शेवटी पत्रा उतरवला. आत पावसाचं पाणी साचून पाइप पार खाल्ला गेला होता. लाइन त्याच दिवशी बंद केली. सगळ्यांनी शाब्बासकी दिली.

तुम्हीही दिली असतीत, म्हणून हे लिहून फाडून टाकणार आहे. पत्रा उतरत होता तेव्हा खाली बसणारी माणसं माझ्या मनातही नव्हती, अण्णा. पाइप सडलेलाच निघू दे, एवढंच मी देवाकडे मागत होते.