आईच्या हातची काडतुसं

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुला लिहायला बसलेय, पण रडायला नाही हं. रडगाणं मला जमत नाही, आणि तुला तर ते कधी ऐकवायचंच नाही. मी फुशारकी मारायला बसलेय. या आठवड्यात जे झालं ते लेकीला सांगितलं, तर तिनं फोनमधून मान वर केली, "दॅट्स सो कूल, मम्मा," म्हणाली आणि परत फोनमध्ये गेली. माझं काही पोट भरलं नाही. ही गोष्ट ऐकायला स्वतःच्या हातानं काडतुसं भरलेलं माणूस पाहिजे, आणि तसं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. तू.

आपल्या गावात पाऊस सरला, बाजरीची काढणी झाली की रानात होल्यांचे थवे उतरायचे, आणि शिकारीचे परवाने असलेल्या लोकांचा हंगाम उघडायचा. बाबांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान पुढच्या खोलीत. डॉक्टर, वकील, बागाईतदार, सगळे आपापली दुनळी बंदूक घेऊन बाकावर बसलेले, आणि प्रत्येकाच्या तोंडी गेल्या वर्षीचा हुकलेला नेम. मागे स्वयंपाकघरात तू, त्यांची काडतुसं भरत. हंगाम उघडायच्या आधीचे दिवस आपल्या घरात चूल पेटायची नाही, स्टोव्हसुद्धा बंद. बंदुकीच्या दारूच्या डब्याजवळ ठिणगी नको म्हणून. आधीच भाजून ठेवलेल्या कडक भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या काकू म्हणायच्या, "काय गं, तुमच्याकडे कसला उपास?" आणि तू म्हणायचीस, "होल्यांचा." आम्हा पोरांना त्या थंड जेवणाचं कोण अप्रूप! शाळेत मी ते ऐटीत सांगायचे.

अजून डोळ्यांसमोर आहे, तू जमिनीवर ओलं पोतं अंथरून बसलेली आहेस. सुती लुगडं, बांगड्या काढून फडताळात ठेवलेल्या. पुठ्ठ्याची नळकांडी ओळीनं उभी. बुडाशी ठिणगी देणारी पितळी टोपी दाबायची, मग दारूचं माप, माप सपाट करायला पोस्टकार्डाची कड, त्यावर जुन्या घोंगड्यातून ठशानं कापलेली चकती, मग छर्रे, आणि शेवटी तोंडाची कड आत वळवून बंद. तुझे हात बघत बसलं की झोप यायची, इतकं ते एकसारखं चालायचं. एकदा मी समोर बसून शाळेतलं काहीबाही सांगत होते. तू हूं हूं करत होतीस. आणि अचानक थांबलीस, त्या बैठकीत भरलेली सगळी काडतुसं उलगडलीस आणि पहिल्यापासून सुरुवात केलीस. मी विचारलं, चुकलं का माप? "ठाऊक नाही," म्हणालीस. "म्हणूनच. ज्या काडतुसात तुझी बडबड गेली, ते मी दुसऱ्याच्या खांद्याला लावायचं नाही." मला तेव्हा भारी राग आला होता. आता माझ्या खोलीच्या दारावर मी पाटी लावलीय, आत बोलू नये.

हो, माझी खोली! तू गेलीस तेव्हा मी नुकती दुबईला आले होते. डिस्कव्हरी गार्डन्समधलं भाड्याचं घर, ह्यांची जबल अलीच्या गोदामात नोकरी, आणि मी शहराबाहेर वाळवंटात नेमबाजीचा एक क्लब आहे, तिथं स्टोअर सांभाळायला लागले. इथं पाखरांवर बंदूक उचलायची नाही, कायदाच आहे, आणि बरंच आहे. आपल्याकडेही पुढं बंदी आली, तेव्हा तूच म्हणाली होतीस, सुटले बिचारे. इथं यंत्रातून मातीच्या तबकड्या उडवतात. पण उन्हाळा ओसरला की हंगाम उघडतो, आणि पहिले तीन दिवस फक्त जुन्या दुनळ्यांचे. आजोबा-पणजोबांच्या बंदुका घेऊन लोक येतात, आणि तबकड्याही होल्यांसारख्या उडवतात, कधी डोक्यावरून, कधी आडव्या, मधेच गिरकी घेऊन. खरे होले कुंपणाच्या तारेवर बसलेले असतात. पहिला बार झाला की उठून पार्किंगच्या छपरावर जातात, आणि तिथून मजा बघतात.

आता तुला वेगळं सांगायला नको, पण जुन्या बंदुकीला आजचं काडतूस सोसत नाही. आत जातं गुमान, पण त्याचा जोर नव्या पोलादासाठी केलेला. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या बंदुका नुसत्या भिंतीवर टांगलेल्या होत्या. मी एकदा जुन्या मॅनेजरला म्हणाले, सर, हलकं काडतूस मी भरून देते. त्याला वाटलं गंमत करतेय. मग परवाने झाले, तपासण्या झाल्या, दाब मोजायचं यंत्र आलं, आणि स्टोअरच्या मागे मला खोली मिळाली. एसीच्या कोरड्या हवेत कपड्यांतून ठिणगी उडते म्हणून सेफ्टीवाल्यानं खास चटई मागवली. मी म्हटलं, आमच्या घरी ओलं पोतं असायचं. तो म्हणाला, सेम थिंग.

यंदा मॅनेजर बदलला. माणूस वाईट नाही, पण नवा आणि धास्तावलेला. हंगामाच्या आधी मला बोलावून म्हणाला, "मॅडम, तुमचा रिस्पेक्ट आहे. पण हाताने भरलेलं काडतूस, आणि उद्या काही झालं तर सही माझी. हे तीन दिवस बघू. एक जरी फेल गेलं, तर खलास. लोडिंग रूम बंद, माल बाहेरून मागवू, तुम्ही परत स्टोअरला." मी "ओके सर" म्हणून बाहेर आले. पण आई, मी घरी न जाता त्या खोलीतच बसून राहिले. स्टोअरचं काम कमीपणाचं म्हणून नव्हे. ती खोली गेली असती तर तू शिकवलेलं माझ्या हातातून कायमचं गेलं असतं. लेकीनं तर ते शिकायचं नाव काढलं नाही. तिचं सिलिकॉन ओएसिसमधलं ऑफिस बरं आणि ती बरी.

पहिल्या दिवशी सकाळी क्लब नुसता फुललेला. रिवाज असा की सगळ्यांत वयस्कर पाहुण्यानं पहिला बार काढायचा. यंदा एक म्हातारे अरब गृहस्थ होते, पांढरी दाढी, हातात काठी, वडिलांची दुनळी घरून थेट आणलेली. हिंदी अशी अस्खलित की आपण लाजावं. नळ्या तपासल्या, आत लख्ख. मी काडतुसं हातावर ठेवली. त्यांनी ती निरखून पाहिली. "बेटी, ये तुमने भरा?" मी म्हटलं, हो. "माशाल्ला," म्हणाले आणि जागेवर गेले. तबकडी उडाली. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, चाप ओढला.

टक्.

बार नाही. नुसतं टक्. मॅनेजर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघत नाहीये. माझ्या तोंडातून आपोआप मोठ्यानं निघालं, "बाबा, मोडू नका! तोंड तसंच समोर!" तेही चक्क मराठीत. ते तुझे शब्द, तुझा आवाज. बार उशिरानं निघू शकतो, म्हणून बंदूक लगेच मोडून उघडायची नाही, हे तू दरवर्षी प्रत्येक गिऱ्हाइकाला पडद्याआडून ओरडून सांगायचीस. त्यांना भाषा काय कळली असेल देव जाणे, पण ते पुतळ्यासारखे उभे राहिले. मी चालत गेले, शेजारी थांबले. वाट बघितली, भरपूर बघितली. मग म्हटलं, अब खोलिए.

काडतूस बाहेर काढलं आणि उन्हात धरलं. बुडाच्या टोपीवर घोडा आपटल्याचा नीट ठसा नव्हताच. नखानं दाबावं एवढीशी खूण. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! मॅनेजर धावत आलेला. मी त्याला टोपी दाखवली आणि शेजारच्या बंदुकीतून उडालेलं एक रिकामं काडतूस दाखवलं, त्यात छान खोल खळी. मग मी म्हाताऱ्यांना विचारलं, उन्हाळ्यात तेल दिलं होतं का? ते एकदम लाजले, लहान मुलासारखे. "बहुत दिया. प्यार से दिया." दरवर्षी परदेशी जाण्याआधी ते स्वतः वडिलांच्या बंदुकीला तेल पाजतात, नोकरांना हात लावू देत नाहीत. बंदुकीची पेटी बंद घरात उजव्या कुशीवर पडून, बाहेर रणरण उन्हाळा, एसी बंद. सगळं तेल उजव्या बाजूला उतरलं आणि आत चिक्कीसारखं घट्ट झालं. उजव्या नळीचा घोडा पडत होता, पण झोपेत असल्यासारखा.

मॅनेजर म्हणाला, "दुसरं काडतूस घ्या." आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणाले, "नाही सर. हेच." रेंजच्या सेफ्टीवाल्यानं काडतूस उलटंसुलटं करून पाहिलं, मान हलवली. तेच काडतूस मी डाव्या नळीत बसवलं. डावा घोडा ठणठणीत होता. पण बार निघाला नसता तर? तर माझी खोली त्याच क्षणी गेली असती, आणि तीही माझ्याच हट्टापायी. म्हातारे हसले, "यल्ला!" म्हणाले, म्हणजे चला. तबकडी डोक्यावरून गेली, बार झाला, आणि तबकडीचा असा भुगा उडाला की वाऱ्यावर काळी धूळ दिसली फक्त. लोक टाळ्या वाजवत होते त्यांच्यासाठी. मी मात्र तुझ्यासाठी वाजवल्या. खोटं कशाला बोलू, छाती अशी फुगली होती की युनिफॉर्मचं बटण तुटायचं बाकी होतं.

उरलेल्या वेळात एकही काडतूस चुकलं नाही. त्यांच्या बंदुकीचा उजवा घोडा मी धुऊन दिला, आणि पुढच्या वर्षी प्यार जरा कमी करा, असंही सांगितलं. ते म्हणाले, इन्शाल्ला, म्हणजे करणार नाहीत.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. खोली राहणार. एवढंच नाही, दुसरे क्लबही काडतुसं मागतायत, तेव्हा खोका छापायचा, डिझाइन द्या, म्हणाला. आपल्या दुकानातल्या खोक्यांवर बाबांचं नाव असायचं. शिकारी बाबांची पाठ थोपटायचे, तुमच्या काडतुसांना तोड नाही म्हणायचे, आणि बाबा बिचारे पडद्याकडे बघून ओशाळं हसायचे. तू आत चकत्या कापत असायचीस. तुला त्याचं काही वाटायचं की नाही, मी कधी विचारलं नाही, आणि तूही सांगितलं नसतंस.

हे पत्र टाकायला पेटी कुठं आहे, तर नाहीच. लिहून झालं, की माझ्याच उशाशी राहील. पण एक सांगायचं राहिलं. खोक्यासाठी मी कागदावर तुझं नाव लिहून दिलं, माहेरचं, पूर्ण, मराठीत, ठळक. मॅनेजरनं कागद फिरवून फिरवून बघितला. हे काय आहे, म्हणाला. मी थाप मारली, की भारतातली जुनी फर्म आहे, काडतुसांची. त्यानं विचारलं, अजून चालू आहे का?

मी हो म्हटलं.